एकपाखी धार

हमीदभाईंनी गोणपाटावर तीन चाकू ओळीनं मांडले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "बोला बाई. ह्यातला कुठला?"

तिन्ही घडीचे चाकू होते. मिटले की कमरेच्या पिशवीत मावणारे. पाती सारख्याच लांबीची, मुठी सारख्याच शिसवी. मला तिन्ही एकच दिसले आणि मी तसं बोलूनही दाखवलं.

"चार वरसं चाकू धरताय आनि एकच म्हणताय?" ते हसले. "लांबी बघू नगा. धार कशी उतरवलीया ते बघा."

आठवडी बाजारात चिंचेखाली त्यांचं धार लावायचं चाक असायचं. विळ्या, कात्र्या, खुरपी सगळं त्यांच्याकडं यायचं, पण कलमाचे चाकू ते स्वतः घडवायचे. आमच्या तासगाव भागात द्राक्षाची कलमं करणाऱ्या टोळ्या चाकूसाठी दुसऱ्या कुणाकडं जात नसत. त्यांनी बाजूची द्राक्षाची एक काडी उचलली आणि पहिल्या चाकूनं तिच्यावर तिरपा काप घेतला.

"ही दुपाखी धार. घराचं छप्पर कसं दोन्हीकडनं उतरतंय, तशी. आंबा कापा, सुतळी कापा, कायबी करा. पर काडीचा काप बघा." त्यांनी कापावर लोखंडी पट्टी टेकवली आणि काडी उजेडाकडं धरली. पट्टी आणि लाकूड यांच्यामधून उजेडाची बारीक रेघ दिसली.

दुसऱ्या चाकूची धार फुगीर होती, कुऱ्हाडीसारखी. "तुमच्या टोळीवाल्या शिदूआण्णांचा चाकू घासून घासून असा झालाय," ते म्हणाले. "धार लई टिकती, पर काडी चिरडती." पट्टी टेकवली तर तिथंही उजेड.

"आनि ही एकपाखी. गोठ्याचं छप्पर. एका अंगाला उतार, दुसरं अंग पार सपाट." तिसऱ्या चाकूचा काप त्यांनी उजेडाकडं धरला. मी डोळा अगदी जवळ नेला. पट्टी लाकडाला अशी बसली होती की कुठं फट सापडेना.

"हाच द्या," मी म्हणाले. "माझाबी असाच हाय न्हवं?"

"म्याच केलाय की तुमचा. हा कुणासाठी?"

"धाकट्या जावंसाठी. वैजूसाठी."

"हात कुठला?"

"उजवा," मी म्हणाले.

"मग हाच. एकपाखीला हात इचारावाच लागतोय," हमीदभाई चाकू पुसत म्हणाले. "सपाट अंग काडीवर चाललं पायजे. डावखुऱ्या मानसानं हा धरला, तर उतार काडीवर येतोय आनि सपाट अंग वर जातंय. मग चाकू उचलतोय, कापात खळगा पडतोय. त्याला उलट्या अंगाला उतार काढून द्यावा लागतोय. दोन मिंटाचं काम हाय, पर सांगाय लागतंय."

मी मान डोलावली. वैजू डावखुरी होती.

त्या 'उजवा' शब्दाचा मी पुढं इतका विचार केला की तो झिजून गेला असेल. पहिल्यांदा तो तोंडातून निघाला तेव्हा तो खोटेपणा नव्हता, असं मी स्वतःला सांगत आले. कुणीही हात कुठला विचारलं की माणूस आपलाच सांगतो. शिवाय सासरी वैजूचा हात उजवाच धरला जायचा. ती एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन आली, आणि पहिल्याच पंगतीत तिनं डाव्या हातानं भात वाढला तेव्हा सासूबाईंनी तिच्या हातातली पळी काढून घेतली होती. तेव्हापासून वाढायचं, द्यायचं, घ्यायचं ते उजव्यानं. शिवणं, लिहिणं, चिरणं हे सगळं मात्र ती डाव्यानंच करायची. सासूबाई बघत नसल्या की मला चहाही डाव्या हातानं द्यायची. "तुझ्याम्होरं कशाला नाटक, अक्का," म्हणायची. तिच्या डाव्या हातावरून सासूबाईंशी मीच भांडले होते. देवानं दिलेला हात आहे, कापून टाकायचा का, असं बोलले होते मी.

तर पहिला शब्द चुकून गेला, धरून चालू. पण हमीदभाईंनी डावखुऱ्याचं सगळं समजावून सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यासमोरच बसले होते. चाक समोर होतं. दोन मिनिटांचं काम होतं. मी चाकू पिशवीत टाकला आणि कोथिंबीर घ्यायला गेले.

कारण सांगायचं तर आमच्या टोळीबद्दल सांगायला हवं. शिदूआण्णांची टोळी नऊ माणसांची. जंगली खुंट जमिनीपासून हातभर ठेवून कापायचा, मधोमध चिरायचा, चांगल्या वाणाची काडी दोन्हीकडून तासून तिची पाचर करायची आणि ती चिरेत दाबून बसवायची. वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. सालीला साल भिडली की कलम जगतं, मधे वारा शिरला की वाळतं. चाकू बाप्यांच्या हातात आणि पट्ट्या बायकांच्या हातात, अशी रीत होती. ती मी मोडली. एका मोसमात आण्णांचा पुतण्या आजारी पडला, तेव्हा मी चाकू मागून घेतला आणि परत दिलाच नाही. गावोगावचे बागाईतदार मला 'चाकूवाल्या बाई' म्हणायचे. बांधावर उभं राहून बघायचे. मला ते आवडायचं, आणि त्यात लाजण्यासारखं मला आजही काही वाटत नाही.

आणि मग वैजू. तीन मोसम ती माझ्यामागं पट्ट्या बांधत होती. दुपारच्या सुट्टीत टाकलेल्या काड्या घेऊन भाजीच्या दुपाखी सुरीनं काप घेऊन बघायची. तिचा वेग बघून एकदा आण्णाच थांबले. "ही पोरगी तुला मागं टाकती बघ, मालन," ते मला म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. त्याच दिवशी आण्णांनी कबूल केलं. येत्या बागेत दोन ओळी वैजूच्या. ऐंशी खुंट. जगले तर तिला कायमचा चाकू, नाहीतर पुन्हा पट्ट्या. त्या रात्री तिनं आनंदानं माझे पाय दाबले. मला हेवा वाटला. एवढं साधं आहे ते.

बाजारातून आल्यावर मी चाकू तिच्यासमोर पाटावर ठेवला. आमच्यात चाकू कुणी कुणाच्या हातात देत नाही. हातात दिला की भांडण होतं म्हणतात. खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा.

वैजूनं तो उचलला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पदरानं पुसला. "माझा? अक्का, खरंच माझा?"

"तुझाच की."

"तुझ्यासारखाच हाय."

"अगदी तसाच," मी म्हणाले. हे मात्र खरं होतं.

बाग जगन्नाथरावांची होती. सकाळी सातला वैजू तिच्या पहिल्या खुंटासमोर बसली. नव्या माणसाच्या कलमाला पट्टी जुन्यानं बांधायची, म्हणून तिच्यामागं मी. त्या दिवशी मी चाकू बाजूला ठेवला होता.

पाच-सहा खुंट झाले आणि ती थांबली.

"अक्का, चाकू वर उचलतोय गं. काडीवरनं निसटल्यावानी करतोय. तुझा असा करतो का?"

"नवा हाय," मी म्हणाले. "हाताला बसंल."

"जरा तुझा दे बरं. बघते."

मी माझा चाकू मातीवर ठेवला. तिनं उचलून डाव्या हातानं काप घेतला. तोही उचलला. उचलणारच. तिनं दोन्ही चाकू शेजारी धरून पाती बघितली, मग स्वतःचा हात बघितला.

"दोन्ही सारखंच," ती म्हणाली. "म्हंजे माझ्याच हातात खोट हाय."

मी तिथं बोलायला हवं होतं. शब्द जिभेवर आला होता, हे मी खोटं सांगत नाही. पण त्याच वेळी दोन ओळी पलीकडून आण्णांनी हाक मारली, "काय वैजयंताबाई, दमला काय?" आणि वैजू घाईनं खाली वाकली. पुढच्या काडीला तिनं चाकू उजव्या हातात घेतला. तो तिच्या अंगठ्यात घुसला. तिनं चिंधी बांधली, चाकू पुन्हा डाव्या हातात घेतला आणि कामाला लागली.

तिच्या हाताला इतकी कला होती की बिघडलेला कापही ती झाकून नेत होती. वरून बघणाऱ्याला पाचर नीट बसलेली दिसायची. मला मात्र जवळून दिसत होतं. तिची पाचर चिरेत बसली की एका बाजूला नखाएवढी फट राहायची. आण्णांना चष्म्यातून ती दिसणं शक्य नव्हतं. बांधणाऱ्यालाच दिसेल अशी ती फट होती. मी त्या फटीवरून पट्टी घेतली आणि करकचून आवळली. एकावर एक तीन वेढे. ऐंशी वेळा.

संध्याकाळी वैजूनं मला विचारलं, "अक्का, तू बांधत हुतीस. बरी वाटली का गं कलमं?"

"बरी हुती," मी म्हणाले.

"तू म्हणतीस म्हंजे हायतच," ती म्हणाली आणि चाकूचं पातं पदराला पुसायला लागली.

पुढचे पंधरा दिवस आम्ही दुसऱ्या गावात कामाला होतो. वैजू रोज संध्याकाळी एकच विषय काढायची. आता काडीवरचे डोळे फुगले असतील. आता कोंब दिसत असेल. आई चिठ्ठी पाठवते तिला काय कळवू, सांग. मी हूं हूं करत भाकरी थापायचे. एकदा मला वाटलं, उठावं आणि आत्ता सांगून टाकावं. मग मी हिशेब केला की ऐंशीतली निम्मी तरी जगतील, निम्मी जगली तरी आण्णा तिला अजून एक संधी देतील, तेवढ्यात मी तिचा चाकू 'धार लावून आणते' म्हणून हमीदभाईंकडं नेईन आणि उलटा करून आणीन. कुणाला काही कळणार नाही. मनातल्या मनात सगळं नीट बसत होतं.

सोळाव्या दिवशी आम्ही जगन्नाथरावांच्या बागेत गेलो. मी आदल्या दिवशी केलेल्या ओळींत काड्यांवर गुलाबी कोंब होते. वैजूच्या ओळीत पहिली काडी काळी, दुसरी काळी, तिसरी बोट लावल्यावर पट्टीतून निसटून पडली. आण्णा पुढं, वैजू मागं, तिच्यामागं मी. पहिली ओळ संपेपर्यंत वैजू मोजत होती. दुसऱ्या ओळीत तिनं मोजणं सोडलं. ऐंशीतली नऊ जगली होती.

आण्णांनी एक मेलेली काडी उपसली, पाचर डोळ्यांजवळ नेली आणि पुन्हा टाकून दिली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज चढवला नाही.

"पोरी, डाव्या हाताचं काम हाय हे," ते म्हणाले. "चाकूला डावा हात चालत न्हाई. तुझा काय दोष न्हाई त्यात. पट्टीला तुझ्यासारखी दुसरी न्हाई, तिथंच ऱ्हा."

"आण्णा, अजून एक ओळ," वैजू म्हणाली. "एकच."

"बागाईतदाराला काय सांगू मी?"

मग वैजूनं माझ्याकडं बघितलं. आण्णाही माझ्याकडं बघत होते, कारण टोळीत माझ्या शब्दाला वजन होतं. एवढंच म्हणायचं होतं, आण्णा, हात नाही, धार उलटी आहे. पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न आलाच असता, तुला कधीपासून ठाऊक? मी खाली बघितलं आणि म्हणाले, "आण्णा म्हणत्यात ते बरोबर हाय. प्रत्येकाला प्रत्येक काम जमत न्हाई."

वैजू रडली नाही. ती खाली बसली आणि मेलेल्या काड्या एकेक करून गोळा करायला लागली.

दोन दिवसांनी बाजार होता. वैजू एकटीच गेली. मी येते म्हटलं तर म्हणाली, राहू दे, मला एक काम आहे. मला वाटलं चाकू परत करायला चालली असेल. मी तिला अडवलं नाही. काय म्हणून अडवणार होते?

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सगळे बांधावरच्या कडुनिंबाखाली बसलो होतो. वैजू माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हातात तो चाकू होता, मिटलेला. मी रीतीप्रमाणे माझ्यापुढची भाकरीची फडकी बाजूला सारून जागा केली, की तिनं तो खाली ठेवावा.

तिनं ठेवला नाही. उजव्या हातानं तिनं माझं मनगट धरलं, तळवा वर केला, आणि डाव्या हातानं चाकू माझ्या तळव्यावर ठेवला. मग माझी बोटं मिटवली.

शेजारची सखू म्हणाली, "आगं आगं, हातात काय देतीस! भांडाण लागंल की."

"लागू दे," वैजू म्हणाली. मग मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "हमीदभाईंनी माझा हात बघितला. म्हणालं, तुमच्या जावंला म्या इचारलं हुतं, हात कुठला. सगळं समजावूनबी सांगितलं हुतं म्हणालं."

"वैजू, आगं, चुकून..."

"व्हय. चुकूनच आसंल."

"त्यांनी उलटा करून देतो म्हणलं असंल की! मी आज नेते..."

"म्हणालं. लगेच देतो म्हणालं. म्याच नको म्हणलं." तिनं माझं मनगट सोडलं. "तुमी ऐंशी पट्ट्या बांधल्या अक्का. तुमाला दिसत हुतं."

ती वळली आणि बायकांत जाऊन बसली. सखूनं तिला लोणचं दिलं, तिनं घेतलं. मी मुठीतला चाकू घट्ट धरून बसले होते. बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की ती मला 'तुमी' म्हणाली.

आण्णांना मी कधीच सांगितलं नाही. पुढच्या मोसमात वैजू टोळीत आली नाही. बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायला लागली आणि तिथंच वीस वर्षं राहिली. घरात तिनं कुणाला एका शब्दानं काही सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. मी चाकूवाल्या बाई म्हणून आणखी अकरा मोसम काढले. तिचा चाकू माझ्या ट्रंकेत आहे. पात्याला गंज चढू नये म्हणून दर दिवाळीला तेल लावते. धार अजून तशीच आहे, ऐंशी खुंटांपलीकडं तिनं काहीच कापलेलं नाही.

चाकू हातात दिला की भांडण होतं म्हणतात. मी त्या भांडणाची फार वाट बघितली. ती ओरडेल, मला चार बायकांत उघडं करेल, मग मी रडेन, पाया पडेन, आणि दोघी कधीतरी मोकळ्या होऊ, असं मला वाटायचं. बावीस वर्षं झाली. आमचं एकदाही भांडण झालं नाही. बाळंतपणं झाली, सासूबाई गेल्या, वाटण्या झाल्या. तिनं माझ्याशी कधी एक शब्द वावगा काढला नाही.

परवा तिच्याकडं गेले होते. सून घरात होती, पण वैजू स्वतः उठली. बसल्या जागेवरून मला स्वयंपाकघर दिसत होतं. डाव्या हातानं तिनं आलं ठेचलं, डाव्या हातानं चहा गाळला. कपबशी डाव्या हातातच घेऊन ती दारापर्यंत आली. दारात थांबली, बशी उजव्या हातात घेतली, आणि मग पुढं आली.

"घ्या अक्का," ती म्हणाली. "तुमी गोड कमी घेता न्हवं?"